लो-कार्ब आहार सुरू करण्याआधी गोळ्यांचे काय, ते विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीतला लो-कार्ब आहारावरचा लेख वाचला. कर्बोदके कमी केली की वजन का उतरते, भूक का कमी लागते, हे त्यात सोपे करून सांगितले आहे. पण ज्यांना मधुमेहाची औषधे चालू आहेत त्यांनी काय करायचे, यावर एक ओळही नाही. असे लेख सर्वात आधी वाचतात ते हेच लोक. म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या भावाने असाच आहार सुरू केला. वय 58, मधुमेह अकरा वर्षांचा, रोज सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. आहार सुचवणाऱ्याने धान्य, बटाटा, साखर, फळे सगळे एकदम बंद करायला सांगितले. गोळ्यांचे विचारले तर ‘त्या आहेत तशा चालू ठेवा’ एवढेच उत्तर मिळाले. पाच दिवसांत तीन किलो उतरले, दादा खूश. सहाव्या दिवशी अकराच्या सुमारास पाहते तर तो खुर्चीत बसलेला, सदरा घामाने पाठीला चिकटलेला आणि बोटे इतकी थरथरत होती की ग्लुकोमीटरची पट्टी त्याला यंत्रात घालता येईना. ती मी घातली. आकडा आला 52. मी पाण्यात साखर ढवळून पेला पुढे केला, तर त्याने तो हाताने बाजूला सारला. ‘साखर नको, डाएट मोडेल,’ म्हणाला. जीभ जड झाली होती, तरी ते शब्द त्याने नीट उच्चारले. शेवटी रागावूनच पाजावे लागले. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिले तेव्हा 81.

यात दादाचे काय चुकले? सांगितले तसे तो काटेकोर वागला होता. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात काही गेलेले असो वा नसो. रोजच्या जेवणातली कर्बोदके धरून ठरवलेला डोस तसाच राहिला आणि ती कर्बोदके मात्र गेली, तर साखर 70 च्या खाली घसरायला वेळ लागत नाही. टोचून घ्यायच्या इन्सुलिनचेही तेच. नुसत्या मेटफॉर्मिनने असे सहसा होत नाही. म्हणजे कोणती गोळी चालू आहे, यावरच सारे अवलंबून आहे.

आणखी एका औषधाबद्दल तर ठळक अक्षरांत छापायला हवे. ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी ‘फ्लोझिन’ येते, त्या लघवीवाटे साखर बाहेर काढतात. त्या घेत असताना कर्बोदके फार कमी केली, तर रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) प्रमाणाबाहेर साचून रक्त आम्लधर्मी होऊ शकते. यात फसगत अशी, की ग्लुकोमीटरवर साखर जवळजवळ ठीक दिसते. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागणे अशी लक्षणे असतात. ती पित्ताची समजून घरी काढली तर जिवावर बेतू शकते. कीटो आहारात, म्हणजे कर्बोदके अगदीच कमी ठेवणाऱ्या लो-कार्ब प्रकारात, थोडे कीटोन वाढणे वेगळे आणि हे वेगळे, पण तो फरक घरबसल्या अंदाजाने ओळखता येत नाही. रक्तदाबाच्या गोळ्यांचेही असेच थोडे आहे. सुरुवातीच्या दिवसांत शरीर मीठ आणि पाणी बाहेर टाकते, त्यात गोळ्या तशाच राहिल्या तर रक्तदाब फार उतरतो, मग उभे राहिले की चक्कर येते.

ते तीन किलोही समजून घ्यायला हवेत. यकृत आणि स्नायू मिळून साधारण अर्धा किलो ग्लायकोजेन (साखरेचे साठवणीतले रूप) साठवतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. कर्बोदके थांबली की हा साठा वापरला जातो आणि पाणीही जाते. पहिल्या आठवड्यात उतरते ते मुख्यतः हेच. चरबी त्यात थोडीच. दादाला चौथ्या दिवसापासूनच अकराच्या सुमारास घाम येत होता. काट्यावरचा आकडा पाहून आम्ही दोघांनीही त्याकडे दुर्लक्ष केले, याची मला आजही बोच आहे.

मी या आहाराच्या विरोधात नाही. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या 2019 च्या अहवालात, रक्तातली साखर सुधारण्यासाठी कर्बोदके कमी करण्याच्या बाजूने सर्वाधिक पुरावा असल्याचे म्हटले आहे. ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) उतरतात, एचडीएल म्हणजे चांगले कोलेस्टेरॉल वाढते. काहींचे एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, मात्र चांगलेच चढते, म्हणून दोन-तीन महिन्यांनी तपासणी हवीच. वजनापुरते म्हणाल तर चमत्कार नाही. स्टॅनफर्डच्या 2018 च्या अभ्यासात 609 जणांना वर्षभर पाहिले. लो-कार्ब गटाचे सरासरी 6 किलो उतरले, कमी चरबीचा आहार घेणाऱ्यांचे 5.3. खरा फरक माणसामाणसांत होता. त्याच वर्षी ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात, कर्बोदकांच्या जागी प्राणिजन्य चरबी आणि प्रथिने घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण जास्त दिसले, तर वनस्पतिजन्य घेणाऱ्यांत कमी. आपल्या लेखात ‘काय सोडावे’ याची यादी आहे, त्याजागी काय घ्यावे याला दोनच ओळी आहेत.

कीटो आहाराचा उगमही विसरू नये. 1921 मध्ये मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी तो अपस्माराच्या (फिट येण्याच्या आजाराच्या) रुग्णांसाठी सुचवला. औषधांना दाद न देणाऱ्या मुलांना तो आजही दिला जातो, तोही डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखाली. औषध म्हणून वापरावी अशी त्याची ताकद आहे, तर औषधाइतकीच काळजी त्याला नको का?

दादाच्या डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड आधी बंद केली, मग कर्बोदके दिवसाला 120 ग्रॅमच्या आसपास आणली. कीटोसारखी 50 च्या आत नाही. पहिले तीन आठवडे रोज चार वेळा साखर तपासून वहीत लिहायला लावली. सहा महिन्यांत त्याचे एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) 8.3 वरून 7 वर आले. तीच वही घेऊन तो परवा आपला लेख वाचत बसला होता.

लेखाचा पुढचा भाग येणार असल्याचे आपण छापले आहे. त्यात एक चौकट द्यावी: इन्सुलिन, ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या, ‘फ्लोझिन’ गटातली औषधे किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर आहार बदलण्याआधी डोसबद्दल डॉक्टरांशी बोला. आणि साखर 70 च्या खाली गेली तर डाएट बाजूला ठेवून ताबडतोब साखर घ्या.

आपली,
एक नियमित वाचक