प्लॅन छापला, आता सेक्शनही छापा

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत ग्रहणावरच्या मजकुराबरोबर जी आकृती आली, तिच्याविषयी हे पत्र आहे. मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, पण कागद समोर आला की चूक शोधायची खोड गेलेली नाही.

आकृतीत सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका ओळीत आहेत आणि भोवती दोन गुळगुळीत वर्तुळे. शेजारची सातवीतली मुलगी ते पान घेऊन आली. म्हणाली, "आजोबा, यात तर दर पौर्णिमेला ग्रहण लागेल." बरोबर आहे तिचे. आपल्या आकृतीप्रमाणे लागेलच.

आमच्या भाषेत सांगायचे तर आपण प्लॅन छापलात, सेक्शन दिलेच नाही. वरून पाहिलेल्या नकाशात बंधारा म्हणजे दोन रेघा. भिंत किती उंच, पाया किती खोल, हे आडव्या छेदातच कळते. नुसता प्लॅन नेला की आमचे साहेब न बोलता कागद परत सरकवत.

मग जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला तिला सेक्शन काढून दाखवले. पृथ्वी १ सेंटीमीटरची धरली, तर चंद्र ३० सेंटीमीटरवर येतो, म्हणजे फूटपट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला. आणि तो ज्वारीच्या दाण्याहून बारीक, पावणेतीन मिलिमीटरचा. तिथे पृथ्वीची गडद सावली जेमतेम ७ मिलिमीटर रुंद. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेला साधारण ५ अंशांनी कललेली आहे. ऐकायला ५ अंश किरकोळ वाटतात, पण फूटभर अंतरावर ते पावणेतीन सेंटीमीटर होतात. इतका वर किंवा इतका खाली चंद्र जाऊ शकतो आणि सावली ७ मिलिमीटरची! पोरीने स्वतः पट्टी लावून मोजले आणि म्हणाली, "मग ग्रहण लागते तरी कसे?" हा प्रश्न मला जास्त आवडला.

चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाला, म्हणजे सपाटीला, जिथे छेदते, त्या दोन बिंदूंच्या आसपास पौर्णिमा आली तरच लागते. ७ सप्टेंबर २०२५ ला आली होती आणि रात्री अकरानंतर चंद्र तांबडा झाला होता. या बिंदूंना आपल्याकडे नावे आहेत, राहू आणि केतू. आपण रोज पहिल्या पानावर राहूकाळ छापता (त्याचा या बिंदूशी काही संबंध नाही), पण राहू म्हणजे दोन प्रतलांचा छेद, हे मी आपल्या अंकात कधी वाचलेले नाही. पंचांग पाहणाऱ्या कोणालाही विचारा, राहू उलटा चालतो आणि एका राशीत दीड वर्ष राहतो, हे तो सांगेल. एक फेरी साडेअठरा वर्षांची.

त्या फेरीचा परिणाम गच्चीवरून दिसतो. पृथ्वीचा आस २३.४ अंश कललेला, म्हणून सूर्य उत्तरेकडे तेवढाच सरकतो. मे २०२५ पर्यंत राहू मीन राशीत होता, तेव्हा चंद्राचे ५ अंश त्यात मिळवले जात होते. २१ जूनला आमच्या सोलापुरात सूर्य समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीच्या डाव्या, म्हणजे उत्तरेकडच्या, कडेला उगवतो. त्याहून डावीकडे तो कधीच जात नाही. १५ डिसेंबर २०२४ ला, दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी, चंद्र टाकी सोडून आणखी डावीकडे उगवला. हात लांब करून धरलेल्या मुठीच्या निम्म्याइतका. मध्यरात्री गच्चीच्या मधोमध उभा राहिलो, तर माझी सावली फूटभर दक्षिणेकडे पडली होती, म्हणजे चंद्र डोक्याच्याही उत्तरेला होता. बायको खालून विचारत होती, एवढ्या थंडीत वर काय चाललंय. याआधी अशी वेळ २००६ च्या सुमारास आली होती. तेव्हा नोकरीत होतो, वर पाहायला फुरसत नव्हती. पुढची २०४३ च्या आसपास, तेव्हा मी नव्वदीपलीकडे. मधे, २०३४ च्या सुमारास, तेच ५ अंश वजा होतील आणि चंद्र टाकीच्या बराच उजवीकडे उगवेल.

ग्रहांच्या बाबतीत आपल्याला थोडी सूट देतो. त्यांच्या कक्षा बऱ्यापैकी एका पातळीत आहेत; सर्वांत कललेली बुधाची, तीही ७ अंशच. तिथे प्लॅनवर भागते. पण त्याच पुरवणीत सगळे ग्रह गोट्यांसारखे सरळ उभे काढलेत, ते कसे चालेल? युरेनसचा आस ९८ अंश कललेला, म्हणजे तो आडवाच पडलेला. शनीचा पावणेसत्तावीस अंश. या कलण्यामुळेच त्याची कडी आपल्याला कधी ताटासारखी दिसतात, तर साधारण पंधरा वर्षांनी कडेवरून. नोव्हेंबर २०२५ मध्ये इथे एका संस्थेने दुर्बीण लावली होती. रांगेतला जो तो डोळा लावून विचारत होता, "कडी कुठायत?" एक बारीक रेघ दिसत होती. तेवढ्यावरून काही जण फसवणूक झाल्यासारखे परत गेले.

२ ऑगस्ट २०२७ ला सूर्यग्रहण आहे. तेव्हा पुन्हा आकृती लागेल. आपल्या पानाची रुंदी मी मोजली आहे, ३० सेंटीमीटर आरामात बसतात. सेक्शन मी काढून देतो, मोबदला नको. फक्त वर आणि खाली पावणेतीन-पावणेतीन सेंटीमीटर कोरी जागा ठेवा, तिथे जाहिरात घालू नका.

आपला,
एक निवृत्त आरेखक, सोलापूर