आत्याची गुरुवारची किमो

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेला मजकूर मी दोनदा वाचला. जिवाणूच्या प्रथिनाने कर्करोग नैसर्गिकरीत्या बरा होतो, तेव्हा आत्याची गुरुवारची किमो थांबवावी का, असे तुम्ही विचारले आहे. ती थांबवू नये. मात्र तो मजकूर निव्वळ थाप नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

त्या प्रथिनाचे नाव अझुरिन. त्यात तांबे असल्याने ते निळे दिसते, आणि ते स्युडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूत सापडते. पेशींच्या बेसुमार वाढीला लगाम घालणारे पी५३ नावाचे प्रथिन आपल्या शरीरात असते. अझुरिन कर्करोगाच्या पेशीत शिरून या पी५३ला नष्ट होण्यापासून वाचवते, असे शिकागोतील आनंद चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून पुढे आले. त्याच प्रथिनाचा २८ अमिनो आम्लांचा (म्हणजे प्रथिन ज्यांचे बनते त्या घटकांचा) तुकडा, पी२८, हा १५ रुग्णांना देऊन पाहिल्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. काहींच्या गाठी लहान झाल्या. पण ती चाचणी मुख्यतः औषध शरीराला सोसते का, हे पाहण्यासाठी होती. पंधरा माणसांवरून आत्याचा उपचार ठरवता येणार नाही.

शिवाय किमोमुळे पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णाच्या जिवावर उठणाऱ्या जंतूंत हाच स्युडोमोनास असतो, हे त्या मजकुरात कुठेही नाही. प्रयोगशाळेत शुद्ध केलेले प्रथिन वेगळे आणि जिवाणू वेगळा.

जिवाणूचे एक प्रथिन मात्र कित्येक दशके औषध म्हणून वापरात आहे: ई. कोलायपासून मिळणारे अ‍ॅस्पॅरॅजिनेज. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगातील पेशींना लागणारे अमिनो आम्ल अ‍ॅस्पॅराजिन ते रक्तातून संपवते आणि त्या पेशी उपासमारीने मरतात. तेही नैसर्गिकच, तरी त्याने तीव्र अ‍ॅलर्जी होऊ शकते, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि ते इतर औषधांच्या जोडीनेच देतात. आत्याच्या स्तनाच्या गाठीवर ते औषध नव्हे.

मार्केट यार्डात ‘नैसर्गिक गूळ’ अशी पाटी दिसली तरी तुम्ही ढेप फोडून चाखल्याशिवाय पैसे देत नाही. इथे चाखण्याची सोय नाही, म्हणून डॉक्टरांना विचारावे.

आई, आत्याला हे तूच सांग. तुझे ती ऐकते. मी बुधवारी रात्रीच्या गाडीने निघते. तिची फाईल आणि मागच्या रक्ततपासणीचे कागद काढून ठेवावेत, आणि राजारामपुरीतून तिला न्यायला रिक्षा सकाळी आठला सांगून ठेवावी.

तुमची,
ताई