आमच्या उपकेंद्रातील सिस्टरांना जाहीर पत्र

आदरणीय सिस्टर,

सादर प्रणाम.

बाळ आणि बाळंतीण सुखरूप घरी आल्याचे तुम्हाला फोनवर कळवले, तेव्हा त्यापुढे मला काही बोलताच आले नाही, आणि तुम्हीही लसीकरणाच्या गडबडीत होतात. तेव्हा राहून गेलेले आज लिहून काढतो आहे. ते चारचौघांनी वाचावे अशीही इच्छा आहे, कारण पाटण तालुक्याच्या डोंगरातील वाड्यावस्त्यांवर तुमच्यासारख्या आरोग्यसेविका काय करतात, हे खाली कराड-साताऱ्यातसुद्धा फारसे कुणाला ठाऊक नसते.

आठवा महिना लागला आणि माझ्या पत्नीच्या तळहातांना व तळपायांना खाज सुटू लागली. अंगावर पुरळ नाही, गांधी नाहीत, नुसती खाज. दिवसा ती कशीबशी कामात विसरायची, पण रात्री निजानीज झाली की ती असह्य व्हायची. मोरीत घमेलेभर गार पाणी घेऊन त्यात पाय सोडून ती पहाटेपर्यंत बसून राहायची आणि तळहातांवर केसांची फणी ओढत राहायची. आमची थोरली अजून पुरते वाक्यही बोलत नाही, पण तीसुद्धा झोपेतून उठून आईच्या हातावर फुंकर घालायची.

घरच्या वडीलधाऱ्यांनी उष्णता म्हणून सब्जा दिला, खोबरेल तेल चोळले. त्यांना जे माहीत होते ते त्यांनी मायेने केले, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ज्या खाजगी दवाखान्यात आम्ही सुरुवातीपासून पैसे मोजून तपासणीला जात होतो, त्यांच्याबद्दल मात्र असे म्हणवत नाही. "पोट वाढतंय, कातडी ताणली जाते, खाज सुटणारच," असे सांगून त्यांनी मलम लिहून दिले. पुन्हा गेलो तेव्हा पत्नीने तळवे दाखवायला चपला काढल्या, तोवर डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली होती. एक रक्ततपासणी लिहून द्यायला किती वेळ लागला असता? परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आता मी कुणाला सांगणार नाही. सगळ्यांना वाटतं मी नाटक करते." तिच्या खाजेपेक्षा त्या वाक्याने मला जास्त घाबरवले.

तुमच्याकडे ती आली होती फक्त लोहाच्या गोळ्या न्यायला. ओसरीवर उभ्या उभ्या ती एका पायाने दुसरा पाय घासत होती, हे तुम्ही रजिस्टर लिहिता लिहिता पाहिलेत आणि पेन खाली ठेवलेत. खाज पोटाला जास्त की तळव्यांना, रात्री वाढते का, लघवी गडद पिवळी होते का, असे मोजके प्रश्न तुम्ही विचारलेत. मग तिला बाकावर बसवून तुम्ही स्वतः बुटक्या स्टुलावर बसलात आणि तिचा पाय उचलून सरळ आपल्या मांडीवर घेतलात. ती अवघडली. वयाने आणि मानाने मोठ्या बाईच्या मांडीवर आपला मातीने भरलेला पाय ठेवायचा, हे तिला सोसवेना, म्हणून ती पाय मागे घेऊ लागली. "राहू दे गं," एवढेच म्हणून तुम्ही ओल्या कापसाने तिचा तळवा पुसलात आणि तो खिडकीच्या उजेडाकडे वळवून नखांनी काढलेला एकेक ओरखडा नीट पाहिलात. बाहेर लेकरे घेऊन बायका खोळंबल्या होत्या, तरी तुम्ही घाई केली नाही. मग तिच्याकडे बघून म्हणालात, "तुझी खाज खरी आहे. लिव्हरची तपासणी झाल्याशिवाय आज घरी जायचं नाही."

सिस्टर, तुमच्या त्या पहिल्या वाक्याने ती हुंदके देऊन रडली. आजाराचे नाव अजून कुणालाच माहीत नव्हते, उपचाराची एक गोळी पोटात गेली नव्हती, पण आपल्यावर कुणीतरी विश्वास ठेवला एवढ्यानेच तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी डोळ्यांनी पाहिला.

पुढे कराडला जे झाले ते तुम्हाला ठाऊक आहेच. गरोदरपणात यकृतातून पित्त नीट वाहून न गेल्यामुळे रक्तात पित्ताम्ले साठतात, तोच हा आजार निघाला. तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितले की यात आईला सहसा नुसती खाज सुटते, खरा धोका पोटातल्या बाळाला असतो, कारण पित्ताम्लांचे प्रमाण लिटरमागे 100 मायक्रोमोलच्या वर गेले की बाळ कोणतीही पूर्वसूचना न देता पोटातच दगावण्याची शक्यता वाढते. 2019 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात अशा वेळी बाळ पोटात दगावण्याचे प्रमाण शंभरात तीनहून थोडे अधिक आढळले, असे मी नंतर वाचले. तिचा आकडा 100 ओलांडून गेला होता. म्हणून 36 व्या आठवड्यात कळा आणून बाळंतपण केले गेले. मुलगा झाला, वजनाला जरा कमी, पण आवाजाने खणखणीत, आणि बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत तिची खाज पूर्ण थांबली.

डोंगरी भागात एका उपकेंद्रामागे 3000 लोकसंख्या धरतात. त्यातल्या गरोदर बायका, बाळंतिणी, तान्ही मुले, लसी आणि त्या सगळ्यांची न संपणारी रजिस्टरे तुमच्या माथी असतात. कामाच्या ओझ्याखाली माणूस तुसडा झाला तर कुणी त्याला दोष देत नाही, आणि ज्यांच्याकडे वातानुकूलित खोली व मदतनीस आहेत तेही हेच कारण पुढे करतात. मग तुमच्याकडे हा सबुरीचा झरा कुठून येतो? मला वाटते, समोरच्या बाईचे म्हणणे खरे धरून चालायचे, हे तुम्ही कधीच मनाशी पक्के करून टाकले आहे. ते कुठल्या पदवीबरोबर मिळत नाही आणि त्याला पैसाही लागत नाही, तरी ते इतके दुर्मिळ असावे याचे मला फार वाईट वाटते. ज्या माणसात ते आहे त्याच्या पाया पडावे, असे माझ्या आईने मला लहानपणी शिकवले होते.

हा आजार पुढच्या खेपेला पुन्हा उद्भवू शकतो, म्हणून तुमच्या सांगण्यावरून आम्ही माता-बाल संरक्षण कार्डावर त्याची ठळक नोंद करून घेतली आहे. बाळाच्या दीड महिन्याच्या लसीला आम्ही सगळे येऊ. पत्नी सोबत वरच्या वाडीतल्या एका सात महिन्यांच्या गरोदर मुलीलाही आणणार आहे. तिलाही रात्री तळव्यांना खाज सुटते, आणि तिची सासू सब्जा देते आहे. त्या मुलीने कुणाला सांगायला लाज वाटते म्हटल्यावर माझ्या पत्नीने तिला तुमचे नाव सांगितले. तिला जरा वेळ द्यावा, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
बाळाचा बाप