बाबा, आठ दिवसांत थांबायचं नाही

ती. बाबा आणि आईस, साष्टांग नमस्कार.

काल फोनवर आई बोलता बोलता सांगून गेली, "हे पहाटे तीनलाच उठून ओट्यावर बसतात. तलावावर फिरायला जाणं सोडलंय. भाकरी अर्धीच खातात." मागून तुमचा आवाज आला, "वय झालं आता." तेव्हापासून डोळ्यांसमोरून आत्या हलत नाहीये.

मी चौथीत होते. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं, तंबाखू. दिवसाला हजार विड्या वळणारी आत्या नुसती बसलेली असायची. पान न उचलताच बोटं तेवढी हलायची. कुणी म्हणालं, बाहेरचं आहे. उतारे झाले, गंडेदोरे झाले. शेवटी तुम्ही तिला सायकलवर बसवून डॉक्टरकडे नेलंत. गल्लीत तेवढी हिंमत तुम्हीच केलीत, बाबा. गोळ्या सुरू झाल्या. तोंडाला कोरड, अंगावर झोप, आणि फरक काही नाही. आठ दिवसांनी गोळ्या बंद. आत्या पुन्हा पहिल्यासारखी झालीच नाही.

तिच्या डोक्यात काय होतंय, म्हणून मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "माग बंद पडला तर मी सांगेन कुठे तुटलंय. हे मला कळत नाही. तू शीक, मग मला सांग." डॉ. कोटणीसांच्या घरावरून जाताना, सोलापूरचा हा डॉक्टर १९३८ साली चीनला गेला, हेही तुम्हीच सांगायचात. माझं तेव्हाच ठरलं.

इथे बंगळुरूला निम्हान्समध्ये, मेंदूच्या आणि मनाच्या आजारांच्या या संस्थेत, हातमोजे घालून पहिल्यांदा माणसाचा मेंदू ओंजळीत घेतला. साधारण १४०० ग्रॅम. त्यात सुमारे ८६ अब्ज चेतापेशी. त्याच्या वळ्यांकडे बघत मी कितीतरी वेळ उभी होते. आत्याचं दुखणं यात कुठे असेल?

तुम्ही मागितलेलं उत्तर आज देते. उदासीनतेच्या गोळीने मेंदूतली सेरोटोनिनसारखी रसायनं काही तासांतच वाढतात, पण पेशींना त्याप्रमाणे बदलायला वेळ लागतो. मनाला उभारी यायला दोन ते चार आठवडे जातात, कधी जास्तही. त्रास आधी जाणवतो, गुण मागून येतो. हे तुम्हाला तेव्हा कुणी सांगितलंच नाही. त्यात तुमचा काहीही दोष नव्हता. हा सल मनातून काढून टाका.

आता तुमचं. पहाटे जाग येणं, भूक जाणं, कशात मन न रमणं, हे नुसतं वय नव्हे. थायरॉईड आणि बी-१२ही तपासून घेऊ. घरच्या माणसाला मी स्वतः औषध देणार नाही, पण शेजारी बसेन.

शनिवारी सकाळी उद्यान एक्सप्रेसने उतरते. आई, तू शेंगाचटणी कर, बाबांना माझ्याबरोबर जेवायला बसव. सोमवारी सिव्हिलला जाऊ, केसपेपर मी काढीन. आणि गोळी मिळाली तर महिनाभर रोज रात्री नऊला माझा फोन येईल.

तुमची लेक