दगडाचे दात

पुणे, रविवार

प्रिय दत्ता,

परवा फोनवर तू मला वेड्यात काढलंस. "पिरॅमिड बांधणारी माणसं दगडाच्या विळ्याने पीक कापायची? काहीही!" बस सुटत होती म्हणून गप्प बसलो. आता वाच.

इजिप्तमध्ये फायूमजवळ काहून नावाची वस्ती होती, दुसरा सेनुस्रेत या राजाच्या पिरॅमिडसाठी वसवलेली. पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्रीने १८८९ मध्ये ती खणायला घेतली, तर तांब्याच्या हत्यारांसोबत चकमकीच्या दगडाचीही निघाली. त्यातला विळा बघ. लाकडी, जनावराच्या जबड्यासारखा वाकलेला. आतल्या कडेला खाच, खाचेत दगडी दात ओळीने बसवलेले, चिकटवायला नाइलचा काळा चिखल आणि डिंक. अशा दातांची कड पुढे चकाकायला लागते. पॉलिश नाही रे, धान्याच्या ताटांत सिलिका असते, वाळूतलीच कठीण चीज, तिच्यावर घासून घासून. एखादा दात पडला तर तेवढाच नवा बसवायचा. आपला विळा बोथट झाला की लोहाराचं दार गाठावं लागतं.

मग तांबं होतं ना, म्हणशील. होतं, पण कुणाचं? देर अल-मदिना हे राजांची थडगी खोदणाऱ्यांचं गाव. तिथे तांब्याच्या छिन्न्या सरकारी, वजन करून दिलेल्या, झिजल्या की वजन करूनच परत घेतलेल्या. दगडाच्या कपचीचा हिशोब कोण ठेवतो? तरी चांगली सुरी घडवणं येरागबाळ्याचं काम नव्हतं. इजिप्तमधल्याच बेनी हसनच्या एका थडग्यात भिंतीवर ते कारागीरच रंगवलेत.

मी स्वतः करून पाहिलं. मागच्या खेपेला तू घोडनदीतली गारगोटी दिली होतीस ना, ती अंगणात फोडली. तिसऱ्या ठोक्याला कपची निघाली, सोबत माझ्या अंगठ्याचं कातडंही. पण तिने टोमॅटो कापला, साल जराही न चेंगरता! कांद्याला मात्र हार पत्करली, कपचीची जाडी आडवी येते. आई म्हणाली, "विळी आहे ना घरात, कशाला हे धंदे?"

आणि हसू नकोस, तुझ्या शेजारच्या इनामगावात ताम्रपाषाणयुगात तेच होतं. तांबं असून घरोघरी कॅल्सेडनी या गारगोटीसारख्या दगडाची पाती.

दिवाळीला येताना नदीतले चार-पाच गोटे आण, मुठीएवढे. भेगाळलेले नकोत, ते भलतीकडेच फुटतात.

तुझा,
बाळू