वाळलेलं म्हणजे कचरा नव्हे

संपादक महोदय,

पावसाळा सरून शरद लागला, की बागांतून कात्र्या फिरू लागतात. वाळलेलं दिसलं की छाट! मला हा उत्साह पटत नाही. तेरड्याचं पिकलेलं बोंड हलकेच दाबून पाहा. साल चटकन गुंडाळते आणि बिया दूर उडतात. सूर्यफुलाच्या सुकल्या तबकडीवर पक्षी येतात, पोकळ देठांत काही एकांड्या मधमाश्या घरटी करतात. पान पिवळं पडतं ते हरितद्रव्य ओसरल्यामुळे. पिवळा रंग आत आधीपासूनच असतो. लाल मात्र बऱ्याच झाडांत नव्याने तयार होतो. गळलेल्या पानाच्या खुणेवर पुढची कळी बसलेली असते, भिंगातून बघाच. कुंपणापलीकडच्या रानगवताला कोणी माळी नाही, तरी त्याचं काही अडत नाही. निदान एक कोपरा वसंतापर्यंत तसाच राहू द्या.

– एक बागवेडी वाचक