देवमाशाच्या नावाखाली डॉल्फिन

मा. संपादक,
स. न.

पावसाळा सरला की बेळगाव, खानापूर, निपाणी भागात वाटल्या जाणाऱ्या सहलींच्या पत्रकांत 'देवमासा दर्शन' हे शब्द हमखास दिसतात. दिवाळीच्या सुट्टीत त्यावर भुलून निघणाऱ्यांनी आधीच जाणून घ्यावे की मालवण, वेंगुर्ला, गोवा किंवा कारवारच्या तासाभराच्या बोटफेरीत दिसतो तो डॉल्फिन, आणि तोही बहुतेक वेळा एकाच जातीचा, हंपबॅक डॉल्फिन. पाठीवर उंचवटा, त्यावर छोटा पर, रंग शिशासारखा. तो किनारा सोडून फार लांब जात नाही, वीस-पंचवीस मीटर खोलीच्या आतच राहतो, म्हणून दिसतो. पर नसलेले, क्षणभर पाठ दाखवून गडप होणारे काही दिसले तर ते पॉरपॉइज, डॉल्फिनचे छोटे नातलग. बोटीला ते फार बुजते.

देवमासा का दिसत नाही? गोव्यासमोर उथळ समुद्रतळ शंभर-सव्वाशे किलोमीटर आत पसरलेला आहे, तो संपल्यावर पाणी एकदम खोल होते. मोठे देवमासे बहुधा त्या खोल पाण्याकडे असतात. श्रीलंकेत मिरिस्सासमोर हीच खोली काही किलोमीटरवर आहे, त्यामुळे तिथे सकाळी निघालेली बोट दुपारपर्यंत ब्लू व्हेल दाखवून परत येते. तिथला हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. ज्याला देवमासाच पाहायचा आहे त्याने पैसे साठवून तिकडे जावे. आपल्याकडे तो अजिबात येत नाही असे मात्र नाही. 2015 मध्ये देवगड तालुक्यात कुणकेश्वरसमोर संशोधकांना ब्लू व्हेल दिसल्याची नोंद आहे. पण ते नशीब, तिकीट काढून मिळणारी वस्तू नव्हे.

डॉल्फिनसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत प्रवासी बोटी बंदच असतात. वेळ सकाळी सात ते साडेनऊ. तोवर जमिनीकडून मतलई वारा असतो आणि पाणी तेलासारखे सपाट राहते. अकरानंतर खारा वारा सुटतो, लाटांवर पांढरा फेस येतो आणि त्यात परही लाटेसारखाच दिसतो. सकाळी सूर्य पाठीशी असतो, हाही फायदा. दिवस निवडताना भिंतीवरच्या दिनदर्शिकेत अष्टमी पाहावी. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात खाडीच्या तोंडाशी पाणी खवळते आणि गढूळ होते, अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी कमी असते, त्या भांगाच्या दिवसांत ते निवांत असते. 24 डिसेंबर ते 1 जानेवारी तिकडे फिरकूच नये. एका डॉल्फिनमागे दहा बोटी असतात.

जागा निवडताना घोटाळा होतो तो देवबागचा. एक देवबाग मालवणजवळ कर्ली नदीच्या मुखाशी, दुसरे कारवारला काळी नदीच्या मुखाशी. बुकिंग करताना जिल्हा विचारून घ्या. बेळगावहून आंबोलीमार्गे वेंगुर्ला-निवती सोयीचे, निपाणीकरांना फोंडा घाटातून देवगडचा रस्ता जवळचा, खानापूरकरांना जोयडा-अणशीमार्गे कारवार. कुठेही जा, आदल्या रात्री किनाऱ्यावर मुक्काम करा. पहाटे तीनला घरून निघून, घाट उतरून, रिकाम्या पोटी बोटीत बसणाऱ्याला पुढे काय होते ते सांगायला नको. मळमळीची गोळी अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी, न्याहारी दोन इडल्यांची, मिसळ परतल्यावर. बसायचे बोटीच्या मध्यावर, नजर क्षितिजावर. दुर्बीण 8 पट पुरे, 10 पटीची हलत्या बोटीत स्थिर राहत नाही.

शोधायचे ते आधी पक्षी. कुरव पाण्यावर एकाच जागी झेपावत असले तर खाली तारली-बांगड्याचा थवा असतो, आणि त्यामागे डॉल्फिन असण्याची शक्यता मोठी. ओहोटी लागताना खाडीचे तोंडही पाहावे. एकदा पाठ दिसली की ती जिथे बुडाली तिथे बघत बसू नका. एक-दोन मिनिटांनी तो पुढच्या बाजूला वर येतो.

खरी तक्रार आहे ती 'डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत' या जाहिरातीची. पैसे परत द्यायचे या भीतीने तांडेल इंजिन पिळून थेट कळपावर बोट घालतो. डॉल्फिन आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट आणि भक्ष्य शोधतो, इंजिनांच्या गोंगाटात ते जमत नाही. मग तो जास्त वेळ खाली राहतो, पिलू आईपासून तुटते, आणि गिऱ्हाइकालाही धड काही दिसत नाही. बोट निदान 50 मीटर लांब, कळपाला समांतर, हळू चालवायला सांगा. समोरून किंवा मागून अंगावर नको, आणि वीस मिनिटांनी निघा. थांबलेल्या बोटीजवळ तो कित्येकदा आपणहून येतो. शिट्ट्या, बिस्किटे, पाण्यात हात, सगळे बंद. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात डॉल्फिन आणि देवमासे पहिल्या अनुसूचीत आहेत, हे बोटवाल्याला ठाऊक असते, प्रवाशाला नसते.

वाळूवर जिवंत देवमासा किंवा डॉल्फिन अडकलेला दिसला तर शेपटीला दोर बांधून ओढू नये, सांधे निखळतात. ओले कापड अंगावर टाकावे, पण डोक्यावरचे श्वासछिद्र झाकू नये, त्यात पाणी-वाळू जाऊ देऊ नये. गर्दी मागे हटवावी. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर असाल तर वनखात्याला 1926 या क्रमांकावर कळवावे, कारवारकडे 112 वर.

सहलींच्या जाहिराती आपल्या दैनिकातही येतात. त्यांत 'देवमासा' हा शब्द छापण्यापूर्वी जाहिरातदाराला एकदा विचारावे, ही विनंती.

आपले,
सागरी जीवांचे काही अभ्यासक, बेळगाव-खानापूर